सुमेधाताईंच्या चार वाट्या

सुमेधाताईंच्या घरून कांताचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या घरी गच्चीवर तुरीच्या डाळीला ऊन दाखवत होते. "म्याडम, बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. मग तिनंच सांगितलं, "चहा घेऊन गेलती मी. डोये उघडलेच नाई त्याइनं..." डाळ तशीच टाकून मी देवळीला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. हा रस्ता आम्ही दोघींनी एसटीनं इतकी वर्षं केला, की कुठल्या वळणावर सुमेधाताई चष्मा पुसतील हेही मला ठाऊक होतं. समोरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. जमलेल्या लोकांत त्यांचे जुने विद्यार्थी बरेच होते. "फार हुशार होत्या बाई," असं जो तो म्हणत होता. त्यांनी आयुष्यभर नेमका कशाचा ध्यास घेतला होता, असं माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीनं विचारलं, तर कुणीतरी उत्तर दिलं, "माकडांवर काहीतरी करायच्या." ते ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, हे वाक्य अपुरं आहे, पण चुकीचं नाही. ते वाक्य थोडंसं पुरं करावं म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख झाली ती एका वानरामुळेच. मी तेव्हा वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. त्या तिथेच मानसशास्त्र शिकवायच्या. दोघी तेव्हा देवळीला राहायचो, त्यामुळे सकाळची बस एकच. देवळीच्या स्टँडवर त्या दिवसांत एक बांडं वानर यायचं. शेपूट अर्धवट तुटलेलं, पण तोरा पाटलाचा. बायकांच्या हातातल्या पिशव्या ते बघता बघता हिसकायचं. चिवडेवाला त्याचा मोठा चाहता होता. "पिशवीत काय हाय ते बाहेरूनच समजते त्याले," तो सांगायचा. "केळं असलं का झपटते. कपडे असले का ढुंकून नाई पाहत. डोकं हाय म्हणा त्याले!" मला हे फार आवडलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या ताईंना मी ते रंगवून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि एकच शब्द उच्चारला, "कशावरून?"

दुसऱ्या दिवशी त्या दोन पिशव्या घेऊन आल्या. फळवाले देतात तसल्या काळ्या पातळ पिशवीत त्यांनी रद्दी कोंबली होती आणि कापडदुकानाच्या छापील पिशवीत केळी ठेवली होती. एक या हातात, एक त्या हातात धरून त्या स्टँडच्या मधोमध उभ्या राहिल्या. सगळे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांडं वानर टपरीच्या पत्र्यावरून उतरलं, त्यानं दोन्ही पिशव्यांकडे नीट पाहिलं आणि काळी पिशवी ओढून पळालं. पत्र्यावर बसून ते एकेक कागद फाडून खाली टाकू लागलं. चिवडेवाला हळहळला, "बाई, तुमी फसवलं न त्याले!" ताई खाली वाकून कागद गोळा करता करता म्हणाल्या, "फसवलं खरं. पण कळलं ना, तो पिशवी ओळखतो, केळं नाही." बसमध्ये आम्ही ती केळी खाल्ली. मी रुसल्यासारखी झाले होते. माझा एक चांगला किस्सा त्यांनी मोडीत काढला होता. ते ओळखून त्या म्हणाल्या, "मंगला, त्याला डोकं नाही असं मी म्हटलं नाही हं. एवढ्यावरून ते दिसत नाही, इतकंच."

हा स्वभाव त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता. वडील शाळामास्तर. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. घरात त्यांचा एक नियम होता, की कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून काही खरं धरायचं नाही, अगदी त्यांनी सांगितलं तरी नाही. शेजारपाजारच्या मुली लग्न होऊन जात होत्या, तेव्हा या मास्तरांनी आपल्या मुलीला दक्षिणेतल्या एका शहरात, माकडांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला पाठवलं. गावात बराच काळ त्याची चेष्टा झाली, मास्तराची पोरगी वांदरं वळायला गेली म्हणून.

तिथली गोष्ट त्यांनी मला फार वर्षांनी, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी सांगितली. प्रयोगशाळेत चंपी नावाची एक माकडीण होती. ताईंना पाहिलं की ती जाळीतून हात बाहेर काढायची आणि त्यांच्या वेणीचं टोक धरून बसायची. प्रयोग साधा होता. पडद्याआड दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली शेंगदाणा ठेवायचा. मग पडदा काढायचा आणि रिकामी वाटी उचलून दाखवायची. आता माकड काय करेल? चंपी दर वेळी दुसऱ्या वाटीवर हात ठेवायची. सगळे खूश झाले. 'हिच्यात नाही, म्हणजे तिच्यात असणार,' हा तर्क माकडाला करता येतो, असं ठरलं. ताईंचे मार्गदर्शक तर लेख लिहायलाही बसले. आणि सगळ्यांत जास्त आनंद ताईंनाच झाला होता, कारण चंपी त्यांची होती.

पण त्यांना झोप येईना. चंपीनं तर्क केला, की 'रिकामी दिसली ती वाटी सोडायची' एवढीच गोष्ट ती सरावानं शिकली? दोन वाट्या असतील तर एक सोडल्यावर दुसरीच उरते. म्हणजे विचार केला काय आणि नुसती सवय लागली काय, हात एकाच ठिकाणी जाणार. बाहेरून फरक कसा कळायचा? म्हणून त्यांनी चार वाट्या मांडल्या. इकडे दोन, तिकडे दोन. प्रत्येक जोडीत एकच शेंगदाणा. मग इकडच्या जोडीतली रिकामी वाटी उचलून दाखवायची. आता हिच्या जोडीदार वाटीत शेंगदाणा नक्की आहे. तिकडच्या दोन्हींचं मात्र सांगता येत नाही. जो विचार करतो तो जोडीदार वाटीच घेईल. ज्याला फक्त रिकामी वाटी सोडायची सवय आहे, तो उरलेल्या तिन्हींपैकी कुठलीही घेईल. मला हे समजावून सांगताना त्यांनी स्टाफरूममधले चार कप पालथे घातले होते आणि शिपाई मामा चहा ओतायला खोळंबले होते.

चंपीनं उरलेल्या तिन्हींपैकी कुठलीही वाटी घेतली. आज ही, उद्या ती. ताईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आपण थकलो असू, तिला भूक नसेल, वाट्या सारख्या नसतील... "मी तिला पास करायला धडपडत होते गं," त्या म्हणाल्या, "आणि तेच मला लाजिरवाणं वाटलं." त्यांनी जे दिसलं ते लिहून मार्गदर्शकांना दिलं. त्यांना ते नको होतं, त्यांचा लेख तयार होता. त्यांनी ताईंना समजावलं, मग बोलणं कमी केलं, मग त्यांच्या कामात रोज नवी खोट काढायला सुरुवात केली. ताई तिथून परतल्या त्या पदवी न घेताच. आमच्याकडे पुढे ज्याच्या त्याच्या नावामागे डॉक्टर लागलं, ताईंच्या नावामागे कधी लागलं नाही. याबद्दल त्यांना मी कडवटपणे बोलताना ऐकलं नाही. एकदाच, बस नादुरुस्त होऊन आम्ही रस्त्याकडेला बसलो असताना मी विचारलं, "ताई, शेवटी चंपीला विचार करता येत होता की नाही?" समोरच्या तुरीकडे बघत त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. मला तो दाखवता आला नाही, एवढंच मला माहीत आहे. निघायच्या दिवशी तिनं माझी वेणी धरली होती... ती मला ओळखून, की वेणी ओळखून, हेही मला सांगता येणार नाही."

अशा बाईचा मुलगा होणं सोपं नव्हतं. त्यांचे यजमान बँकेत होते. मोकळे, गप्पिष्ट गृहस्थ. मुलगा आनंद कॉलेजात असतानाच ते गेले. ते होते तोवर घरात दोन्ही पारडी सारखी होती. लहानगा आनंद शाळेतून येऊन सांगायचा, "आई, सर माझ्यावर चिडलेत." ताई विचारायच्या, "कशावरून?" बाबा म्हणायचे, "अगं, आधी पोराला जवळ घे, मग विचार!" आनंदनंच एकदा हसत हसत मला सांगितलं होतं, "मावशी, मला ताप आला तरी आधी पुरावा द्यावा लागायचा." तो हसला खरा, पण ते हसू काही बरोबर नव्हतं. पुढे तो पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत लागला. फोन नेमानं करायचा. बोलणं मात्र थोडंच असायचं.

निवृत्तीनंतर ताई देवळीच्या घरातच राहिल्या. मागे पेरूची दोन झाडं होती आणि वानरांची टोळी ठरलेली. सोबतीला कांता आली. ती आष्टीकडच्या गोंड वस्तीतली, नवऱ्यामागे एकटी राहिलेली. फोनवर बहिणीशी आपल्या भाषेत बोलायची आणि फोन ठेवला की वऱ्हाडीत ताईंना रागवायची. ताईंनी अंगणात चार जुनी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, पालथी घालून त्यांच्याखाली फुटाणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कांतानं कपाळाला हात लावला. "आधीच पेरू खाऊन राह्यले थे, आता फुटाणे बी देता काऊन?" मी त्या दिवशी तिथे होते. ताई एक कवेलू उचलून रिकामी जागा दाखवतात न दाखवतात तोच टोळीतला थोराड नर उतरला आणि त्यानं चारही कवेलू उलटी करून फुटाणे गोळा केले. एक कवेलू फुटलंही. ताई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "सगळीच उलटून पाहायची! यापेक्षा पक्की पद्धत कुठली गं?"

मग एके सकाळी त्या न्हाणीघराजवळ पडल्या. मेंदूत रक्त साकळलं होतं. सेवाग्रामच्या रुग्णालयात नेलं, जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी आणल्यावर त्या खिडकीजवळच्या पलंगावर असायच्या. काही विचारलं की होकाराची मान हलवायच्या. "जेवलात?" मान हलायची. "दुखतंय का?" तशीच मान हलायची. डॉक्टर म्हणाले, किती समजतं ते सांगता येत नाही. कांताला शंकाच नव्हती, "बाईले सारं समजते." आणि मी? मी त्यांचा डावा हात धरून बसायची, काहीबाही बोलायची, आणि खरं सांगायचं तर मला काहीच कळत नव्हतं.

आनंद पुण्याहून आला आणि राहिला. त्यानं मनापासून केलं. कूस बदलणं, भरवणं, सगळं. पण नोकरी किती दिवस सोडून राहणार? त्यानं पुण्यात अशा रुग्णांची काळजी घेणारी एक चांगली संस्था पाहिली, गाडी ठरवली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले, तर कांता कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती. मी म्हटलं, "आनंद, त्यांना विचारलंस का?"

"मावशी, विचारू काय? ती सगळ्यालाच मान हलवते."

"समजत असेल तर?"

तो थकलेला होता. आवाज न चढवता म्हणाला, "तिनंच शिकवलंय मला. मान हलली म्हणजे समजलं असं नाही. सवयीनंही हलते." मग थांबून म्हणाला, "तिला कळतंय असं मला वाटत असतं ना, तर मी एक गोष्टही तिला न विचारता ठरवली नसती..."

 हे ताईंचंच बोलणं होतं, आणि ते ताई ऐकत असतील किंवा नसतील. मला एकदम जे सुचलं ते करायला मन धजत नव्हतं. जन्मभर मानानं राहिलेल्या त्या बाईपुढे माकडापुढे मांडाव्यात तशा वाट्या मांडायच्या? पण दुसरा उपाय दिसेना. मी कांताकडून दोन स्टीलच्या वाट्या आणि एक शेंगदाणा मागितला. पलंगावरच्या टेबलावर टॉवेल आडवा धरून एका वाटीखाली शेंगदाणा ठेवला, टॉवेल काढला आणि दुसरी, रिकामी वाटी उचलून दाखवली. "ताई, शेंगदाणा कुठे आहे?"

त्यांनी वाट्यांकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. डावा हात चादरीवर तसाच.  आनंदनं तोंड फिरवलं. "झालं, मावशी?" तो हळूच म्हणाला. तेवढ्यात तो डावा हात उचलला गेला. वाटीकडे नाही, वर. अंगठा आत मुडपलेला आणि चार बोटं उभी.

"चार?" कांता पुढे आली. "चार वाजले म्हणते का? चाहाची येळ झाली म्हणते!"

"बघा," आनंद म्हणाला, "चहाची सवय."

ताईंनी मान हलवली. या वेळी आडवी, जोरानं, दोनदा. मग बोटांनी एक वाटी सरकवून दुसरीच्या जवळ नेली, टेबलाच्या मोकळ्या जागेवर टकटक केलं आणि पुन्हा चार बोटं उभी केली. मला कळायच्या आधी आनंदला कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते. "चार वाट्या..." तो म्हणाला. "आई, दोन वाट्यांनी काही सिद्ध होत नाही, असंच ना?"

तोंडाची एकच बाजू हलत होती त्यांची. त्या बाजूनं त्या हसल्या.

तो धावत स्वयंपाकघरात गेला. भांडी पडल्याचा आवाज आला. दोन वाट्या आणि मूठभर शेंगदाणे घेऊन आला आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसला. इकडे दोन, तिकडे दोन. टॉवेल आडवा धरून त्यानं प्रत्येक जोडीत एक शेंगदाणा लपवला. त्यानं रिकामी वाटी उचलून दाखवली. ताईंनी हात पुढे नेला आणि तिच्या जोडीदार वाटीवर ठेवला. कांतानं टाळी वाजवली. आनंद काही बोलायच्या आत ताईंनी तर्जनी हवेत गोल फिरवली. पुन्हा कर. एकदा बरोबर आलं तर तो योगायोगही असू शकतो! त्यानं पुन्हा केलं. बाजू बदलून केलं. त्या दर वेळी बरोबर होत्या, आणि दर वेळी बोट फिरवत होत्या. शेवटी त्यानंच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "पुरे गं आई... मानलं."

मग त्यानं विचारलं, "आई, पुण्याला यायचं का?" आणि तो थांबला. उत्तर यायला वेळ लागला. मान उभी हलू लागली, थबकली, आणि मोठ्या कष्टानं आडवी झाली. तेव्हा मला उमगलं, की इतके दिवस आम्ही प्रश्न विचारून उत्तराआधीच पुढे जात होतो. सवयीची मान लगेच हलायची. विचाराचं उत्तर मागून यायचं, तोवर आमचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असायचं. त्यानं उलटूनही विचारलं, "इथेच राहायचं?" पुन्हा थांबणं. मान उभी हलली.

गाडी रद्द झाली. आनंद महिन्यातले काही दिवस देवळीतूनच काम करू लागला. ताई त्यानंतर वर्षभराहून जास्त जगल्या. वाचा आली नाही, पण घरात बोलणं वाढलं. मी जायची तेव्हा मायलेक समोरासमोर असायचे. तो काहीतरी विचारायचा, मग दोघं गप्प. पुन्हा विचारायचा. एकदा दारातून मी ऐकलं, "आई, लहानपणी मला तू आवडायचीस, पण तुझी भीती वाटायची. माहीत होतं तुला?" मी आत गेले नाही. उत्तर काय आलं ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही.

माकडं तर्क करतात की नुसती शिकलेली सवय चालवतात, हा प्रश्न सुटला की नाही, ते मला सांगता येत नाही. पण आता मला वाटतं, ताईंचा 'कशावरून' हा अविश्वास नव्हता. समोरच्याच्या आत खरंच काय आहे ते आपल्या मायेनंही झाकलं जाऊ नये, असं त्यांना वाटत असावं. चंपीसाठी त्यांनी पदवी सोडली असं लोक म्हणतील. मी म्हणेन, चंपीबद्दल गोड खोटं बोलायला त्यांनी नकार दिला. तोही प्रेमाचाच एक कठीण प्रकार.

गेल्या आठवड्यात मी देवळीला गेले होते. आनंद घराचं काय करायचं ते ठरवायला आला होता. नातेवाइकांनी कांताबद्दल परस्पर ठरवून टाकलं होतं, की तिला आष्टीकडे बहिणीजवळ पाठवायचं, तिथे तिची माणसं आहेत. कांता दाराला टेकून उभी होती. आनंद तिच्याकडे वळला. "कांताबाई, तुम्हाला आष्टीकडे जायचं आहे का?"

"दादा म्हणन तसं," ती चटकन म्हणाली.

तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "की इथे राहायचं आहे, या घरात?"

कांतानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मले इचारून राह्यले काय?"

"हो. तुम्हालाच."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मागे पेरूवर वानरं उतरली होती, फांद्या हलत होत्या, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. काहीतरी बोलून तिची सुटका करावी असं मला वाटलं. आनंदनं हातानंच मला थांबवलं. त्याला घाई नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे बघत तो वाट पाहत राहिला.